दुकानाचे इंटरनेट आणि डीएनएसची निवड

बिल असो वा बँकेचा व्यवहार, पान उघडायला वेळ लागतो, अशी आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंची तक्रार असते. दोष प्रत्येक वेळी लाईनचाच असतो असे नाही. साईटचे नाव टाकले की संगणक आधी डीएनएस सर्व्हरला त्या नावाचा क्रमांक विचारतो. उत्तर उशिरा आले की पानही उशिरा उघडते. हा सर्व्हर सहसा इंटरनेट कंपनीचा असतो. पण तो बदलता येतो.

विनामूल्य पर्यायांपैकी तीन आम्ही येथे देतो : गूगल (८.८.८.८, २००९ पासून), क्वाड नाईन (९.९.९.९, २०१७ पासून) आणि क्लाउडफ्लेअर (१.१.१.१, २०१८ पासून). संगणकावर तिघांना 'पिंग' करून पाहावे. ज्याचे मिलिसेकंद कमी, तो आपल्याला जवळचा. क्वाड नाईन मात्र फसव्या म्हणून नोंद झालेल्या साईट अडवतो. जेथे पैशाचे व्यवहार होतात, तेथे तो थोडा मागे पडला तरी आम्ही त्यालाच पसंती देऊ.

राउटरवर छापलेला पत्ता ब्राउझरमध्ये टाकून सेटिंग उघडावे. जुने क्रमांक वहीत उतरवून मगच नवे भरावेत व राउटर बंद करून पुन्हा चालू करावा.

यामुळे डाउनलोडचा वेग वाढत नाही, फक्त सुरुवातीची खोळंबा कमी होते. त्याच वेळी राउटरचा कंपनीने दिलेला पासवर्डही बदलावा. आपला डीएनएस दुसऱ्याच्या हाती गेला, तर बँकेच्या नावाने बनावट पान समोर येऊ शकते.