नाव आहे, मत नाही

स्पिनोझाच्या हयातीत त्याच्या नावानिशी एकच पुस्तक छापलं गेलं, आणि तेही दुसऱ्याच्या मतांचं. १६६३ साली अ‍ॅम्स्टरडॅमच्या यान रियूवेर्ट्सनं काढलेली ही लॅटिन आवृत्ती आज दुर्मीळ ग्रंथांत जमा आहे. शीर्षकपानावर आधी देकार्त. त्याच्या ‘तत्त्वज्ञानाची मूलतत्त्वे’ या ग्रंथाचा पहिला आणि दुसरा भाग भूमितीच्या पद्धतीनं सिद्ध केल्याची ग्वाही. मग लेखक म्हणून ‘अ‍ॅम्स्टरडॅमकर’ बेनेडिक्टस दे स्पिनोझा. याच अ‍ॅम्स्टरडॅमच्या ज्यू समाजानं सात वर्षांपूर्वी त्याला वाळीत टाकलं होतं. तरी गावाचं नाव त्यानं सोडलं नाही.

पुस्तक जन्मलं ते शिकवणीतून. लायडनजवळच्या राइन्सबर्ग गावात स्पिनोझा राहत असताना योहानेस कासेअरियस नावाचा तरुण त्याच्याच घरी राहून शिकत होता. हा मुलगा नवलाईच्या मागे लागणारा, अजून पोरकट. स्वतःचे विचार त्याच्या कानी घालणं स्पिनोझाला धोक्याचं वाटलं, म्हणून त्याला देकार्त शिकवला. व्याख्या, गृहीतकं, प्रमेयं, सिद्धता अशी ती मांडणी. शाळेत ‘पक्ष, साध्य, सिद्धता’ लिहिलेल्यांना ती लगेच ओळखू येईल. दुसऱ्या भागावरची ती टिपणं अ‍ॅम्स्टरडॅमच्या मित्रांनी पाहिली आणि पहिल्या भागाचंही तसंच करून दे म्हणून गळ घातली. स्पिनोझानं ते काम दोन आठवड्यांत हातावेगळं केलं.

छापायला मात्र त्याची एक अट होती. यातली सगळी मतं लेखकाची नाहीत, हे वाचकाला आधीच सांगायचं. लोडेवाइक मेयर या डॉक्टर मित्रानं लॅटिन घासूनपुसून दिलं आणि प्रस्तावनेत तसं साफ लिहिलं. इच्छाशक्ती बुद्धीहून वेगळी आणि स्वतंत्र असते हे देकार्तचं म्हणणं स्पिनोझाला मान्य नाही, असं उदाहरणही दिलं. माझ्या मते या पुस्तकाचा जीव त्या प्रस्तावनेत आहे. प्रमेयं चाळली नाहीत तरी चालेल, ती पानं चुकवू नयेत.

हे पुस्तक पाहून कोणी वजनदार माणसं आपलं स्वतःचं लेखन मागतील आणि ते निर्धास्त छापता येईल, अशी स्पिनोझाची आशा होती. ती फळली नाही. धर्म आणि राजसत्तेवरचा त्याचा ग्रंथ १६७० साली निनावी निघाला, त्यावर छपाईचं गावही खोटंच. ‘एथिक्स’ निघालं ते १६७७ मध्ये, तो गेल्यावर, आणि त्यावर फक्त आद्याक्षरं. जिथं मत त्याचं, तिथं नाव नाही.

तो पोरकट शिष्य पुढं डच ईस्ट इंडिया कंपनीचा पाद्री होऊन कोचीनला आला. मलबारच्या वनस्पतींवरचा ‘होर्तुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ तिथं मलबारचा डच गव्हर्नर व्हान रीड यानं सिद्ध करवला, त्याच्या सुरुवातीच्या खंडांचं लॅटिन कासेअरियसचं आहे. तोही १६७७ मध्येच वारला. दुसऱ्याच वर्षी पहिला खंड अ‍ॅम्स्टरडॅमला छापून झाला. त्यात रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या तिघा वैद्यांचं प्रमाणपत्र आहे: भाषा कोकणी, लिपी नागरी.