जुनी वेगवान गाडी : भाव हुनराचा की कागदाचा?

वीस-पंचवीस वर्षांची मोटार म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे भंगारवाला उभा राहतो. यंत्र जुने झाले की त्याची किंमत उतरते, हा व्यापाराचा साधा हिशेब आहे. परंतु मोटारींच्या बाजारात एक लहानसा कप्पा असा आहे, जिथे हा हिशेब उलटा चालतो. तेथे गिऱ्हाईक जुनीच गाडी मागतो, तिच्यासाठी महिनोन्‌महिने थांबतो आणि मनासारखी मिळाली तर घासाघीस न करता पैसे मोजतो. हा शौक श्रीमंतांच्या विंटेज मोटारींचा नव्हे. मध्यमवर्गाने घेतलेल्या, पण पळण्यात सरस असलेल्या गाड्यांचा हा शौक आहे. आमचा धंदा कापडाचा असला तरी, ज्या व्यवहारावर आपल्या समाजातील अनेक कारागिरांची रोजीरोटी चालते, त्याची माहिती व्यापारी बंधूंना असावी म्हणून हा लेखनप्रपंच.

कोणत्या गाड्या?

सन २००० मध्ये होंडा सिटीचा व्हीटेक प्रकार आपल्या देशात आला. इंजिन दीड लिटरचे, ताकद १०६ अश्वशक्ती. सर्वांच्या परिचयाची मारुती ८०० त्या काळी चाळीस अश्वशक्तीच्या आसपास होती, यावरून फरक ध्यानात यावा. या इंजिनाची खुबी अशी की, हळू चालताना झडपा कमी उघडतात व पेट्रोल वाचते. फेरे वाढले की तेलाच्या दाबाने दुसरा कॅम कामाला लागतो, झडपा जास्त उघडतात आणि गाडी एकदम झेप घेते. २००१ मध्ये फियाट पालिओ आली. तिचे १.६ लिटरचे इंजिन शंभर अश्वशक्तीचे होते आणि ती गाडी आपल्या कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होत असे. २००४ मध्ये स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस आली. टर्बो बसवलेले १.८ लिटरचे इंजिन, ताकद १५० अश्वशक्ती. तिची जुळणी औरंगाबादजवळ, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, शेंद्र्याला होत असे.

नवेपणी या गाड्यांना पेट्रोल फार लागते म्हणून लोक नाके मुरडत. अनेकांनी गॅसचे किट बसवले, अनेक गाड्या हलगर्जीने वापरून भंगारात गेल्या. ज्या थोड्या नीट राहिल्या त्यांचाच आज भाव आहे. माल कमी आणि मागणी कायम, एवढेच त्यामागचे गणित आहे.

बदल करावा, पण कोणता?

या शौकिनांमध्ये दोन पंथ आहेत. एक पंथ म्हणतो, गाडी कारखान्यातून जशी निघाली तशीच राहावी. दुसरा म्हणतो, ती आणखी पळावी. दुसऱ्या पंथाचे काम हवेच्या फिल्टरपासून सुरू होते, मग सायलेन्सर, मग स्प्रिंगा, आणि शेवटी इंजिनाच्या संगणकातील हिशेब बदलणे. टर्बोच्या गाडीत नुसता हा हिशेब बदलला तरी ताकद लक्षणीय वाढते.

पण वाढलेली ताकद फुकट मिळत नाही. तिचा भार क्लचवर, गिअरबॉक्सवर आणि थंडाव्याच्या यंत्रणेवर पडतो. जाणता कारागीर आधी ब्रेक, टायर, स्टिअरिंगचे सांधे आणि रबरी बुश पाहतो व मगच इंजिनाला हात लावतो. जो याच्या उलट करतो तो गिऱ्हाइकाच्या जिवाशी खेळतो. शिवाय आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. या गाड्यांच्या रबरी नळ्या व गॅस्केटे त्या पेट्रोलसाठी बनलेली नव्हती. ती वेळोवेळी तपासून बदलणे हेही आता देखभालीत धरले पाहिजे.

भावाच्या दृष्टीने एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. जो बदल उलटवता येतो तो गाडीचे नुकसान करत नाही. नवे स्प्रिंग बसवताना मूळचे स्प्रिंग पेटीत जपून ठेवले, तर विकताना ती पेटीही किंमत मिळवून देते. पण पत्रा कापला, वायरिंग तोडले, मूळ इंजिन विकून टाकले, तर गाडी कितीही पळो, शौकिनांच्या बाजारात तिचा भाव उतरतो. कापडाच्या पेठेत ताक्याचा मूळ काठ कापला की जे होते तेच येथे होते.

कायदा काय म्हणतो?

येथे पुष्कळ तरुण फसतात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी पुस्तकात जे लिहिले आहे आणि कारखानदाराने जे ठरवले आहे, त्याच्याशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात हीच गोष्ट ठामपणे सांगितली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ नव्या रूपात आले. त्यानुसार मनाई असलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. रंग बदलणे किंवा मान्यताप्राप्त गॅस किट बसवणे या गोष्टी आरटीओकडे नोंदवून करता येतात. इंजिन बदलायचे तर आधी परवानगी घ्यावी लागते. कानठळ्या बसवणारा सायलेन्सर मात्र कोणत्याच हिशेबात बसत नाही. शेजाऱ्याची झोप मोडून केलेला शौक हा शौक नव्हे, तो त्रास देणे होय.

पंधरा वर्षांनंतर खाजगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी ही फी सहाशेवरून पाच हजार झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारीसाठी ती दहा हजार करण्यात आली. विंटेजची सवलत २०२१ च्या नियमांनी मिळते खरी, पण त्यासाठी पहिल्या विक्रीपासून पन्नास वर्षे झालेली असावी लागतात. म्हणजे सन २००० च्या होंडा सिटीला २०५० पर्यंत थांबावे लागेल. तोवर कायद्याच्या नजरेत ती केवळ एक जुनी गाडी आहे.

विम्याचेही तेच. गाडी पाच वर्षांची होईपर्यंत घसाऱ्याचे कोष्टक ठरलेले असते. पुढे तिची विमा-किंमत कंपनी व मालक यांनी आपसांत ठरवायची असते. मालकाजवळ दुरुस्तीची बिले, फोटो व तपासणीचा अहवाल असेल तर त्याला बोलायला जागा राहते. नसेल तर समोरचा देईल ती किंमत घ्यावी लागते. बदल लपवून विमा घेतला तर दावा नाकारला जाण्याची भीती कायम असते.

जपानचा दाखला

निस्सानची स्कायलाइन जीटी-आर, आर ३२ नावाची, १९८९ मध्ये निघाली. अमेरिकेत पंचवीस वर्षे पूर्ण झालेल्या परदेशी गाडीला तेथील सुरक्षा नियमांतून सूट मिळते, म्हणून २०१४ पासून ती तेथे जाऊ लागली आणि मागणी वाढली. पुढे २०१७ मध्ये निस्सानने तिचे बंद पडलेले सुटे भाग पुन्हा बनवण्याचे जाहीर केले, आणि २०२० मध्ये टोयोटाने जुन्या सुप्रा गाडीसाठी तेच केले. जुन्या मालाची सेवा हासुद्धा धंदा आहे, हे तेथील कारखानदारांनी ओळखले. आपल्याकडे मात्र हा भार कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरील सुट्या भागांच्या दुकानदारांवर आणि गल्लीतील गॅरेजवर आहे. कोणत्या गाडीचा कोणता भाग कोणाला चालतो, हे ज्ञान त्या उस्तादांच्या डोक्यात आहे. ते वहीत उतरले नाही तर त्यांच्याबरोबरच संपेल.

ऐब सांगून विका

या बाजाराचा मोठा रोग म्हणजे लपवाछपवी. किलोमीटरचा आकडा मागे फिरवणे, ठोकलेली गाडी रंगवून ‘एकहाती’ म्हणून खपवणे, साध्या प्रकारावर वरच्या प्रकारची चिन्हे चिकटवणे. सेकंडचा माल फ्रेश म्हणून विकण्याचाच हा प्रकार होय. आपल्या शरीयतने मालातील ऐब खरेदीदाराला सांगण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर टाकली आहे. ऐब लपवला गेला असेल तर माल परत करण्याचा हक्क खरेदीदाराला आहे, ज्याला फिकहमध्ये खियार-ए-ऐब म्हणतात. जुन्या गाडीच्या सौद्यात हा केवळ दीनचा नव्हे, नफ्याचाही मामला आहे. शौकिनांची दुनिया लहान आहे. एक खोटा सौदा सर्वांना कळतो आणि पुन्हा त्या दारात कोणी येत नाही.

घेणाऱ्याने इंजिन व चासीचे नंबर पुस्तकाशी ताडून पाहावेत, थंड इंजिन स्वतः चालू करून पाहावे, चारही सिलिंडरांचा दाब मोजून घ्यावा, पत्र्यावरील रंगाची जाडी यंत्राने तपासावी, कर्जाचा बोजा व थकलेली चलने पाहावीत. विकणाऱ्याने २९ व ३० नंबरचे फॉर्म भरून नाव बदलल्याची खात्री करावी. नुसती किल्ली देऊन मोकळे होऊ नये, कारण उद्या अपघात झाला तर नोटीस जुन्या मालकाच्या दारात येते. जीएसटी नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला जानेवारी २०२५ पासून जुन्या गाडीच्या नफ्यावर १८ टक्के कर भरावा लागतो. नोंदणी नसलेल्या दोन व्यक्तींमधील विक्रीवर तो नाही.

गॅरेज चालवणाऱ्या आमच्या तरुण बंधूंना एवढेच सांगणे आहे. प्रत्येक गाडीची एक वही ठेवा. काय बदलले, कधी बदलले, कोणता भाग मूळचा व कोणता बाहेरचा, हे तारखेसह लिहा, खाली सही करा आणि गिऱ्हाइकाला बिल द्या. आज तुमच्या हाताच्या कामाची मजुरी तेवढी मिळते, आणि गाडी दुप्पट भावाने विकली गेली तरी तुमचे नाव कोठे राहत नाही. वहीवर तुमची सही असेल तर पुढचा खरेदीदार ती सही पाहून गाडीचा भाव ठरवील आणि दुरुस्तीलाही तुमच्याकडेच येईल. हुनर तर तुमच्या हातात आहेच. त्याला कागदाची जोड द्या, बरकत अल्लाहच्या हाती आहे.