फितीवरील ठेव



एका संस्थेचीं जुनीं इतिवृत्तें मीं संगणकावर उतरविलीं आणि त्यांची एक प्रत चुंबकीय फितीवर ठेविली. पुढें संगणक बिघडला, तेव्हां फीत लाविली. ती खराब झाली होती नखाएवढ्या जागेंत. परंतु तेथून पुढच्या साऱ्याच फाईली गेल्या! असें कां व्हावें, तें आज सांगावयाचें आहे.

अनेक फाईलींचें एक गाठोडें बांधण्याचें काम 'टार' ही आज्ञावली १९७९ पासून करीत आली आहे. तिची मांडणी ५१२ बाइटांच्या ठोकळ्यांची असते. म्हणून मध्येंच कांहीं नासलें तरी पुढच्या फाईलीचा मथळा शोधून वाचन पुन्हां सुरू करतां येतें. मीं मात्र जागा वाचावी म्हणून अख्खें गाठोडें 'जीझिप'नें दाबलें होतें. या दाबण्याचें मूळ तत्त्व लेम्पेल व झिव्ह यांनीं १९७७ सालीं मांडिलें. एकदां आलेला मजकूर फिरून आला कीं तो न लिहितां 'मागें अमुक अंतरावर पहा' एवढीच खूण करावयाची. जागा वाचते खरी, पण पुढचें मागच्यावर विसंबून राहतें. एकेरी मार्गावर एक डबा घसरला कीं मागची सारी गाडी अडते, तसेंच हें.

उपाय सोपा आहे. आधीं प्रत्येक फाईल वेगवेगळी दाबावी आणि मग गाठोडें बांधावें. 'अफिओ' ही आज्ञावली असेंच करते. 'बीझिप२' मजकुराचे फार तर नऊ लाख बाइटांचे ठोकळे करून ते स्वतंत्रपणें दाबते. त्यामुळें शाबूत ठोकळे सोडवून घेतां येतात. लहान फाईली वेगवेगळ्या दाबल्यास जागा थोडी अधिक लागते, पण नुकसान जागच्या जागीं राहतें.

आजचीं एल्‌टीओ यंत्रें मजकूर स्वतःच दाबतात, आणि चुका दुरुस्त करण्यापुरती जादा माहितीही फितीवर लिहितात. तेथें आधीं दाबण्याची गरज सहसा नसते. दाबलेलें पुन्हां दाबून फारसें लहान होत नाहीं.

कोणतीही रीत घ्या, फीत लिहून झाली कीं ती परत वाचून मूळ फाईलींशीं ताडून पहा, आणि दुसरी प्रत दुसऱ्या घरीं ठेवा. मीं हें केलें नाहीं, म्हणून त्या संस्थेच्या अखेरच्या वर्षांचीं इतिवृत्तें आज कोठेंच नाहींत.