बुधवारी कॉलेज असतं

गेल्या जानेवारीत ऐन थंडीत आमचा बॉयलर बंद पडला. दुरुस्तीला दोघे आले. एक पन्नाशीचा गॅस इंजिनिअर आणि त्याच्याबरोबर नुकतंच मिसरूड फुटलेला एक पोरगा. पोरगा गुडघ्यांवर बसून स्क्रू काढत होता, थोरला मागे उभा राहून काय बघायचं ते सांगत होता. एक पार्ट मागवावा लागणार होता. "मग दोघं बुधवारी या," मी म्हटलं. पोरगाच पटकन म्हणाला, "बुधवारी मी नसतो, बुधवारी कॉलेज असतं." थोरल्याने नुसती मान डोलावली. दोघे गुरुवारी आले.

चहा करता करता मला कोल्हापूर आठवलं. माझा भाचा नववीत शाळा सोडून शिवाजी उद्यमनगरजवळच्या एका गॅरेजमध्ये लागला, त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. हात चांगला आहे. इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगतो. "मावशी, अख्खं इंजिन खोलून एकट्याने परत बसवतो मी," हे त्याने मला व्हिडिओ कॉलवर दाखवूनही दिलंय. पण कंपनीच्या गेटवर दहावीचा कागद विचारतात आणि तिथे तो नापासांहूनही मागे, कारण तो परीक्षेलाच बसलेला नाही. तो गॅरेजमध्ये जे शिकला ते कुठल्याच रजिस्टरात नाही.

त्या पोराचा बुधवार मात्र नियमात लिहिलेला आहे. शिकाऊ कामगाराच्या कामाच्या वेळेतच शिक्षणाला वेळ द्यायचा, आणि त्या वेळेचाही पगार द्यायचा. २०१७ पासून इंग्लंडमध्ये हा वाटा कामाच्या वेळेच्या पाचव्या हिश्शाइतका होता, २०२२ मध्ये तो आठवड्याला किमान सहा तास असा ठरला. उमेदवारीला सुरुवात करताना मूल सोळा ते अठरा वर्षांचं असेल आणि इंग्रजी-गणितात पास नसेल, तर तेही त्याला करावंच लागतं. २०१५ पासून तर अठरा वर्षांपर्यंत शिक्षण किंवा प्रशिक्षण सोडताच येत नाही. पण त्यासाठी शाळेच्या बाकावरच बसलं पाहिजे असं नाही, कामाबरोबर शिकलं तरी चालतं.

हे इथे सहजासहजी झालेलं नाही. १५६३ च्या कायद्याने धंदा करायचा तर सात वर्षं उमेदवारी सक्तीची होती, पण उस्ताद हीच शाळा. ती सक्ती १८१४ मध्ये गेली. मग १९१८ च्या शिक्षण कायद्याने ठरवलं की चौदाव्या वर्षी कामाला लागलेल्या मुलांनीही वर्षाला ३२० तास वर्गात यावं, आणि तेही दिवसा. मालक कुरकुरले, पुढे सरकारी काटकसरीत पैसाच आटला आणि योजना जवळजवळ सगळीकडे बारगळली. रग्बी गावाने ती पुढे बरीच वर्षं चालवली. त्या गावाचं नाव आपल्याला फक्त खेळामुळे ठाऊक असतं. १९६४ च्या कायद्याने उद्योगांकडूनच शिक्षणाची पट्टी घेणं सुरू झालं. आज वर्षाला तीस लाख पौंडांहून जास्त पगार वाटणाऱ्या कंपन्या अर्धा टक्का देतात.

यात सगळं गोडच आहे असं नाही. सुरुवात करणाऱ्यांपैकी खूप जण मध्येच सोडतात; काही वर्षांपूर्वी हे प्रमाण निम्म्याच्या आसपास होतं. पट्टीचा बराच पैसा आधीच नोकरीत असलेल्या मोठ्या माणसांच्या कोर्सवर जातो, हे मला तरी पटत नाही.

आपल्याकडे कष्टकऱ्यांच्या शिक्षणाचा विचार उशिरा झाला असंही नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात १८५५ मध्ये शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. पुढे मुंबईत दिवसभर गिरणीत, खानावळीत राबून रात्रशाळेत मॅट्रिक झालेली माणसं आपल्यापैकी अनेकांच्या घरात आहेत. त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण रात्रशाळेला जाणारा वेळ त्या मुलाच्या झोपेतला असतो. बुधवारचा वेळ मालकाच्या कामातला.

उलट बाजूनेही एक वाट निघाली आहे. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हे अमेरिकेत अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट केलेले, हिंदुस्तान लिव्हरमध्ये संशोधन केलेले गृहस्थ. शाळेतून गळालेली मुलं तिथे वर्षभर राहून वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी, शेती शिकतात. पण मला जास्त आवडतो तो शाळांमधला त्यांचा उपक्रम. आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस हाताने काम करतात आणि शिकवायला असतो गावातलाच कारागीर. म्हणजे ज्याच्याकडे कागद नाही तो वेल्डर चक्क शाळेत मास्तर! इथे कामावरचं पोरगं एक दिवस वर्गात जातं, तिथे वर्गातलं पोरगं एक दिवस कामावर.

ज्याचं वय निघून गेलं त्याचं काय, हा प्रश्न उरतोच. पाच वर्षांहून जास्त अनुभव असलेल्या, पण शिक्षण पुरं न झालेल्या इलेक्ट्रिशियनला इथे काम दाखवून, परीक्षा देऊन पात्रता मिळवता येते. भारतातही २०१५ पासून कौशल्य विकास योजनेत आधीच्या अनुभवाचं प्रमाणपत्र मिळतं. मात्र त्याने दहावी होत नाही.

आता घरचं सांगते. आमच्या लेकीने यंदा डिग्री अप्रेंटिसशिपसाठी अर्ज केला. पगार मिळवत पदवी, २०२५-२६ मध्ये वर्षाला ९,५३५ पौंड असलेली फी नाही. आजीने व्हिडिओ कॉलवर विचारलं, "म्हणजे ती फिटर होणार?" आम्ही हसलो. पण फोन ठेवल्यावर मला माझीच लाज वाटली, कारण मंडळाच्या गणपतीत कुणी विचारलं तेव्हा मी 'डिग्री' एवढंच म्हटलं होतं, पुढचा शब्द गिळला होता.

त्याच आठवड्यात ताईशी बोलले. भाच्याने ऑगस्टमध्ये सतरा नंबरचा फॉर्म भरला, म्हणजे दहावीला बाहेरून बसणार. मिस्त्रीला भेटायला ताई स्वतः गेली. बुधवारी दुपारनंतर सोडायला तो तयार झाला, पण पगार कापून. तो कापलेला पगार मी इथून पाठवते. ताईला हे आवडलेलं नाही. मी म्हटलं, उधार समज.

बीजगणितात तो अजून अडतो. परवा मात्र भूमितीचं पुस्तक कॅमेऱ्यासमोर धरून म्हणाला, "मावशी, हे वृत्तचितीचं घनफळ म्हणजे आपलं बोअर आणि स्ट्रोकच की! मास्तरांनी तेव्हा सांगायचं ना."

परीक्षा फेब्रुवारीत आहे.