गाणे निघाले, पण पोचले काय?

संगीताच्या बाजारपेठेत गेल्या सव्वाशे वर्षांत मोठी उलथापालथ झाली आहे. गौहर जान यांचे गाणे १९०२ साली कलकत्त्यात मुद्रित झाले. त्यानंतर कित्येक दशके तबकडी कोणाची निघावी, हे मोजक्या कंपन्याच ठरवीत असत. १९८०च्या दशकात स्वस्त कॅसेटने ही मक्तेदारी मोडली आणि भीमगीते, भक्तिगीते, लोकगीते जत्रेतल्या दुकानांपर्यंत पोचली. २०१६नंतर मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाले व उरलासुरला अडसरही दूर झाला. आज परभणीच्या किंवा गंगाखेडच्या एखाद्या विद्यार्थ्याने शब्द लिहिले, मित्राच्या खोलीत चाल बांधली आणि शेताच्या बांधावर मोबाइलने चित्रण केले, तर ते गाणे त्याच संध्याकाळी जगापुढे ठेवता येते. कोणत्याही कंपनीच्या आश्रयाविना घडणाऱ्या या निर्मितीस स्वतंत्र संगीत म्हणतात.

मग प्रश्न सुटला काय? वस्तुतः त्याने केवळ जागा बदलली आहे. माहितीची विपुलता लक्षाची टंचाई निर्माण करते, असा इशारा अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९७१ सालीच दिला होता. गाण्यांच्या बाबतीत तो शब्दशः खरा ठरला. निर्मितीचा खर्च उतरला. श्रोत्यापर्यंत पोचण्याचा खर्च मात्र चढला. पूर्वी दारावर कंपनीचा अधिकारी बसे, आता संगणकाचे गणित बसले आहे. जे पुष्कळांनी पाहिले, तेच ते आणखी पुष्कळांपुढे ठेवते. यूट्यूबवर जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा हवा, तर १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तासांचे प्रेक्षण, ही नेहमीची अट आहे. वर्षात १,००० वेळाही न वाजलेल्या गाण्यास ध्वनिमुद्रणाचे मानधन द्यावयाचे नाही, असा नियम स्पॉटिफायने २०२४पासून लागू केला. नवोदितांपैकी बहुसंख्य या उंबरठ्याच्या बाहेरच राहतात.

अर्थात, काही जण तो ओलांडतात. एकतारीवर बाबासाहेबांची गीते गाणाऱ्या छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात मोबाइलवरील चित्रणामुळेच घरोघरी पोचल्या. मुंबईच्या ‘स्वदेशी’ गटाने प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन ‘द वारली रिव्होल्ट’मधून आदिवासींच्या जंगल-जमिनीचा प्रश्न मांडला. २०२४ साली क्रेटेक्स व श्रेयस यांचे ‘तांबडी चामडी’ स्पिनिन रेकॉर्ड्स या डच कंपनीने प्रकाशित केले. परंतु दोन-चार यशस्वी नावांवरून बाजार न्याय्य ठरत नाही. सोडतीत कोणाला तरी बक्षीस लागतेच.

याहून बोलके उदाहरण परभणी जिल्ह्यातीलच आहे. पूर्णा तालुक्यातील ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज आज जगात कोठेही ऐकता येतो. तो कोणत्याही गणिताने शोधलेला नाही. हेमा राईरकर आणि गी पॉयटव्हँ यांच्या पुढाकाराने गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखावर ओव्या गोळा करण्यात आल्या. त्या शोधात हा आवाज मुद्रित झाला, आणि २०१७पासून ‘पारी’ या संकेतस्थळाने हा ठेवा लोकांपुढे आणण्यास प्रारंभ केला. संत जनाबाईंच्या या जिल्ह्यात गाणाऱ्यांचा तुटवडा कधीच नव्हता; तुटवडा होता तो दारापर्यंत जाऊन ऐकणाऱ्यांचा.

तेव्हा शोध हे श्रोत्याचेही काम मानले पाहिजे. महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात सिनेगीतांच्या नकलांबरोबर विद्यार्थ्यांनी स्वतः रचलेल्या गाण्यांना आणि चित्रणांना अर्धा तास राखून ठेवणे अवघड नाही. गणेशोत्सव मंडळांना व सार्वजनिक वाचनालयांनाही हे सहज जमेल. गाणे पुढे पाठविताना गीतकार व संगीतकाराचे नाव गाळू नये, आणि कार्यक्रमास बोलाविल्यास मानधन द्यावे. गीतकार-संगीतकारांचा स्वामित्वधनातील हक्क २०१२च्या कायदादुरुस्तीने बळकट केला खरा. परंतु ज्याचे गाणे कोणी ऐकतच नाही, त्याला कायदा काय देणार? समाजाने ही निवड यंत्रावर सोपविली, तर उद्या परभणीचा तरुणही गाजलेल्या गाण्याची नक्कलच करील. त्यात त्याच्यापेक्षा समाजाचाच तोटा अधिक आहे.