वाहनाच्या लॅकरमधील दोष व त्यांवरील उपाय

मुंबई उपनगर जिल्ह्याच्या अंधेरी, बोरिवली व कुर्ला या तिन्ही तालुक्यांत आज शेतीखाली फारच थोडी जमीन उरली आहे. तथापि शेतमालाशी निगडित अशी वाहने येथे मोठ्या संख्येने धावतात. गोराई-मनोरीकडील भाजी, आरे वसाहतीच्या परिसरातील दूध, वर्सोवा व मढ येथील मासळी हा सारा माल छोट्या टेम्पोंतून व तीनचाकी गाड्यांतून बाजारात पोहोचतो. खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात या वाहनांचा पत्रा टिकतो तो मुख्यतः रंगाच्या आधारावर. एकदा रंग फुटला की गंज आतून पसरतो, आणि पत्रा बदलण्याचा खर्च लहान धंदेवाल्यास पेलणारा नसतो.

खर्च वाचविण्यासाठी अनेक वाहनधारक दरवाजा, बॉनेट किंवा मडगार्ड घरच्या घरी रंगवितात. मूळ रंग बहुधा बरा बसतो. अडचण येते ती शेवटच्या पारदर्शक थराची. ह्या थरास कारागीर ‘लॅकर’ अथवा ‘क्लिअर’ म्हणतात. तो वाळल्यावर कोठे संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत दिसतो, कोठे त्याचे ओघळ उतरतात, तर कोठे त्यास सुईच्या टोकाएवढी छिद्रे पडतात. मग हाती पॉलिश पेपर घेऊन घासण्यास आरंभ होतो, आणि मूळ दोषापेक्षा अधिक नुकसान पुष्कळदा या घासण्यानेच होते. म्हणून कोणता दोष घासावा, कोणता तसाच सोडावा व कोणत्या दोषासाठी नवा थर द्यावा, याचा विवेक प्रथम करावयास हवा.

थराची जाडी हीच पुंजी

पूर्वीच्या वाहनांस बहुधा एकथरी रंग असे. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या व ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झालेल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीच्या काळातील कारागीर फिकट पडलेला रंगच घासून पुन्हा चकाकी आणीत. रंगाचा थर जाड असल्यामुळे ते चालत असे. आजच्या रंगकामाची रचना निराळी आहे. पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा पातळ व निस्तेज थर, आणि सर्वांत वर लॅकर. चकाकी लॅकरची असते. उन्हातील अतिनील किरण अडविणारी द्रव्येही त्यातच मिसळलेली असतात. रंगाचे खरे संरक्षण हा थर करतो.

ह्या थराची जाडी साधारणतः ४० ते ६० मायक्रॉन असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. वर्तमानपत्राचा एक कागदही बहुधा याहून जाड असतो. खडबडीत पृष्ठभाग आरशासारखा सपाट करताना त्यातील दहा मायक्रॉन किंवा त्याहूनही अधिक भाग सहज खर्ची पडतो. थर अति पातळ झाला तर प्रारंभी वाहन सुंदर दिसते, परंतु पुढे ऊन लागून लॅकर पांढुरके पडते व त्याचे पापुद्रे सुटू लागतात. यास्तव लॅकर घासणे म्हणजे मुद्दलातून खर्च करणे होय, हे ध्यानात ठेवावे.

वाहनावर लॅकर आहे की नाही याची खात्री नसल्यास पांढऱ्या फडक्यावर थोडे रबिंग कंपाउंड घेऊन आडबाजूस चोळावे. फडक्यास वाहनाचा रंग लागला तर रंग एकथरी आहे असे समजावे. न लागल्यास वर लॅकर आहे.

दोष दोन प्रकारचे

लॅकरमधील दोषांचे दिसण्याचे दोष आणि टिकण्याचे दोष असे दोन वर्ग करता येतात. संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा, बसलेली धूळ व लहान ओघळ हे पहिल्या वर्गातील दोष होत. त्यांमुळे शोभा उणावते, पण थर अखंड असल्याने पाणी आत शिरत नाही. सुईच्या टोकाएवढी छिद्रे, माशाच्या डोळ्यासारखे गोल खळगे, भेगा व सुटणारे पापुद्रे हे दुसऱ्या वर्गातील दोष. येथे थरच तुटलेला किंवा अत्यंत पातळ झालेला असतो. पहिल्या वर्गातील दोष उपेक्षिले तरी चालतात, दुसऱ्या वर्गातील नाही. प्रत्यक्षात पुष्कळ लोक याच्या उलट करतात. खडबडीतपणा घालविण्यासाठी दिवस घालवितात आणि छिद्रांवर मेण चोळून समाधान मानतात.

कारखान्यातून आलेल्या नव्या वाहनाचा रंगही पूर्णतः सपाट नसतो. ट्यूबलाइटचे प्रतिबिंब दरवाजात पाहिल्यास त्याची कड थोडी लहरीदार दिसते. तेव्हा शेजारच्या मूळ भागाशी जुळेल इतकाच गुळगुळीतपणा साधावा. भाजीच्या टेम्पोस आरशाची आवश्यकता नाही.

दिसण्याचे दोष घालविण्याची रीत

हार्डनर मिसळलेले लॅकर हाताला कोरडे लागले तरी आतून कडक होण्यास वेळ घेते. किती अवधी द्यावा हे डब्यावरील सूचनेवरून ठरवावे. उबदार हवेत किमान एक अहोरात्र तरी जाऊ द्यावे. ओघळाचा भाग जाड असल्याने तो सर्वांत शेवटी वाळतो, म्हणून त्यास आणखी काही दिवस द्यावेत. ओला ओघळ घासल्यास तो ओढला जाऊन खाली खड्डा पडतो.

काम सावलीत करावे. वाहन धुऊन घ्यावे, कारण वाळूचा एक कण पेपराखाली राहिला तरी लांब ओरखडा उठतो. पाण्यात वापरावयाचा पेपर काही वेळ भिजत ठेवावा व पाण्यात साबणाचे दोन-चार थेंब टाकावेत. पेपर कधीही नुसत्या बोटांनी धरू नये. बोटांच्या दाबाने चर पडतात. तो रबराच्या किंवा कडक स्पंजाच्या ठोकळ्यावर गुंडाळावा. कडा, घड्या व उंचवटे यांवर लॅकर मुळातच पातळ बसते, म्हणून तेथे मास्किंग टेप लावून तो भाग वगळावा.

धुळीच्या तुरळक कणांसाठी १५०० नंबरचा पेपर त्या जागेपुरता फिरवावा. संपूर्ण पृष्ठभागाचा खडबडीतपणा कमी करावयाचा असेल तर १५०० पासून आरंभ करावा, आणि तो पुरत नसेल तरच १२०० किंवा १००० कडे वळावे. मग क्रमाने २००० व ३००० नंबरचे पेपर वापरावेत. प्रत्येक पेपराचे ओरखडे पुढील पेपराने पूर्ण गेले पाहिजेत. मधला नंबर गाळल्यास ते ओरखडे उन्हात जाळ्यासारखे दिसू लागतात. ओघळ असल्यास प्रथम नवे धारदार पाते आडवे धरून त्याचा केवळ माथा हलकेच खरवडावा व नंतर ठोकळ्याने घासावे.

दर काही हातांनंतर रबराच्या पट्टीने पाणी निपटून पाहावे. घासलेला उंच भाग निस्तेज दिसतो व खोलगट भाग चकाकणाऱ्या ठिपक्यांसारखा दिसतो. हे ठिपके बहुतांशी नाहीसे झाले की थांबावे. शेवटचा ठिपका घालविण्याच्या आग्रहातच थर पार होतो. निघणारे पाणी दुधाळ पांढरे असेल तर लॅकरच घासले जात आहे. त्यात वाहनाचा रंग उतरू लागला की त्याच क्षणी हात आवरावा, कारण लॅकर संपलेले असते.

यानंतर कंपाउंड व शेवटी बारीक पॉलिश लावून चकाकी आणावी. लहान भागास हातानेही हे साधते. यंत्र वापरल्यास गती कमी ठेवावी व ते एका जागी स्थिर धरू नये. घर्षणाच्या उष्णतेने लॅकर जळते.

टिकण्याचे दोष

सुईच्या टोकाएवढी छिद्रे पडण्याचे कारण आत अडकलेले थिनर होय. पहिला हात पुरेसा सुकण्यापूर्वी दुसरा जाड हात दिला किंवा पत्रा उन्हात ठेवला, तर वरचा पापुद्रा आधी वाळतो आणि आतील थिनर तो फोडून बाहेर पडते. गोल खळग्यांचे कारण तेल, मेण किंवा सिलिकॉनयुक्त पॉलिश असते. मासळी अथवा दूध वाहणाऱ्या वाहनांवर स्निग्धांश असतोच. कॉम्प्रेसरच्या हवेतून येणारे तेल व पाणीही हा दोष उत्पन्न करते.

हे दोष पॉलिशने जात नाहीत. तो भाग छिद्रांच्या व खळग्यांच्या तळापर्यंत घासून सपाट करावा. मूळ रंग उघडा पडल्यास तो पुन्हा द्यावा. नंतर उरलेल्या भागावर ८०० नंबरचा पेपर हलकेच फिरवून चकाकी मारावी, मेण व तेल काढणाऱ्या द्रावणाने स्वच्छ फडके वापरून पुसावे आणि लॅकरचे दोन नवे हात द्यावेत. पापुद्रे सुटत असतील तर सुटणारे सर्व लॅकर काढल्यावाचून नवा थर टिकत नाही.

हंगाम व फवारणी

शेतात पेरणीस जसा वाफसा लागतो, तशी लॅकरच्या फवारणीस अनुकूल हवा लागते. सांताक्रूझ येथे एकट्या जुलै महिन्यात सरासरी ८०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. अशा दमट हवेत थिनर उडताना पत्रा थंड होतो, त्यावर दव धरते व लॅकर दुधाळ पडते. शिवाय हार्डनरची पाण्याशी क्रिया होऊन बारीक बुडबुडे उठतात. हवेतील आर्द्रता ८५ टक्क्यांहून कमी असावी आणि पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंशांनी अधिक असावे, असा रंगकामातील सर्वमान्य दंडक आहे. उपनगरात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ त्यास उत्तम. त्यातही सकाळचे दव उडून गेल्यापासून दुपारपर्यंत फवारणी उरकावी.

खडबडीतपणा येतो तो फवाऱ्यातील थेंब पत्र्यावर एकमेकांत मिसळण्यापूर्वीच वाळल्यामुळे. गन फार दूर धरणे, हवेचा दाब कमी असणे, मिश्रण घट्ट असणे, थिनर जलद उडणारे असणे व पत्रा तापलेला असणे ही त्याची कारणे. ओघळ याच्या उलट, म्हणजे गन फार जवळ धरल्याने किंवा हात सावकाश फिरविल्याने येतात. लॅकरसाठी १·३ किंवा १·४ मिलिमीटरचे नोझल, १५ ते २० सेंटिमीटर अंतर व प्रत्येक फेरीने मागील फेरीचा अर्धा भाग झाकणे, हे साधारण प्रमाण होय. प्रथम जुन्या पत्र्याच्या तुकड्यावर फवारून पाहिल्यास निम्मे दोष टळतात.

श्वासास होणारा धोका

या कामातील सर्वांत गंभीर बाब रंगाची नव्हे, मनुष्याच्या श्वासाची आहे. दोन भागांच्या लॅकरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची द्रव्ये असतात. त्यांच्या फवाऱ्याने कायमचा दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर त्यास संवेदनशील झाले की पुढे अल्प मात्राही झटका आणण्यास पुरेशी होते. तोंडास बांधलेला रुमाल किंवा धुळीचा साधा मास्क या वाफेपासून संरक्षण देत नाही. त्यासाठी बाहेरून शुद्ध हवा पुरविणारा मुखवटा लागतो. चाळीच्या अंगणात वा सोसायटीच्या वाहनतळावर फवारणी केल्यास शेजारच्या खोलीतील मुले व वृद्ध तोच श्वास घेतात. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असून जमिनीलगत पसरते. स्वयंपाकाची शेगडी किंवा देवापुढील समई तिला पेटविण्यास पुरते. गोठ्याजवळ व कडब्याच्या गंजीजवळ तर हे काम सर्वथा वर्ज्य समजावे.

म्हणून काम वाटून घेणे हाच हितावह मार्ग होय. पत्रा साफ करणे, लांबी भरणे, घासणे व मास्किंग करणे ही तयारी घरी करावी. लॅकरची फवारणी योग्य साधने असलेल्या कार्यशाळेतून करून घ्यावी. लॅकर पूर्ण कडक झाल्यावर पेपर व पॉलिश यांचे काम पुन्हा घरी करावे. मजुरीचा मोठा भाग घासण्यातच जातो, तेव्हा बचतीचा हेतू बहुतांशी साधतो. उरलेले थिनर व रंगाचे पाणी नाल्यात ओतू नये. पोयसर, ओशिवरा व मिठी या नद्यांतून ते अखेरीस खाडीतील मासळीपर्यंत पोहोचते.

सारांश, वाहनधारकाने पेपर हाती घेण्यापूर्वी हा दोष दिसण्याचा आहे की टिकण्याचा, असा एकच प्रश्न स्वतःस विचारावा. दिसण्याचा असेल तर शक्य तितके थोडे घासावे. टिकण्याचा असेल तर पावसाळ्यापूर्वी नवा थर द्यावा. किंचित खडबडीत पण अखंड लॅकर पत्र्याचे रक्षण वर्षानुवर्षे करते. घासून झिजविलेले लॅकर कितीही चकाकले तरी ते करीत नाही.