मासा पोहत गेला, म्हणजे वाचला का?

ट्राउट गळाला लागला, सोडला, सुळकन निघून गेला. तुमच्या वहीत लगेच 'वाचला' अशी नोंद करणार? जरा थांबा.

१९९२ मध्ये फर्ग्युसन आणि टफ्ट्स या कॅनडातल्या संशोधकांनी रेनबो ट्राउटवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. टाकीतले मासे पार थकेपर्यंत दमवले, काहींना वर हवेतही ठेवलं आणि पुढे १२ तास लक्ष ठेवलं. नुसते दमवलेले ८८ टक्के जगले. ३० सेकंद हवेत राहिलेले ६२ टक्के, ६० सेकंदवाले फक्त २८ टक्के!

असं का? दमलेल्या माशाला ऑक्सिजन सर्वांत जास्त हवा असतो आणि नेमकं तेव्हाच हवेत कल्ल्यांचे नाजूक पापुद्रे एकमेकांना चिकटतात. म्हणून गळ पाण्यातच काढायचा, तोही उलटा काटा नसलेला असावा. हात ओले ठेवायचे, फोटोचा मोह आवरायचा.

२८ हा आकडा मात्र थेट नदीला लावू नका. तिथला प्रत्येक मासा इतका दमलेला नसतो. पद्धत तेवढी उचला: अजिबात न दमवलेले मासेही तुलनेला होते, ते सगळे जगले. आणि परिणाम दिसायला जेवढा वेळ लागतो, तेवढं थांबायची तयारी होती.